वक्तृत्व आणि आकडे

वक्तृत्व ही उपजत देणगी आहे, असे आपण सहज म्हणतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तरी ते मानू नये. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९०२ मध्ये कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारी खजिन्यातील शिल्लक ही जनतेच्या सुबत्तेची खूण नसून चढ्या करांचे फळ आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. गणेश व्यंकटेश जोशी यांच्याबरोबर केलेला अभ्यास त्यामागे होता. १९०३ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

यातून मी तीन नियम घेतले आहेत. मुद्दे तीनच ठेवावेत. आकडा ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या मापात सांगावा. ‘मणामागे आठ आणे’ तेव्हा कोणालाही कळत असे. भाषण पाठ करू नये, कारण एक वाक्य निसटले की पुढचे सारे अडते.

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, कन्नडही मी बोलतो. म्हणून प्रत्येक मुद्दा आधी मराठीत व मग कन्नड मित्रासमोर त्याच्या भाषेत सांगून पाहतो. शब्दांचा डौल पहिल्या भाषेतच राहतो, दुसरीत जातो तो अर्थ. जिथे अडतो, तिथे बहुधा मलाच विषय पुरता उमगलेला नसतो. मग पुन्हा ग्रंथालय गाठावे लागते.

गोखल्यांनीही ते भाषण मातृभाषेत केले नव्हते. तेव्हा मित्रहो, व्यासपीठावर पाय खुशाल लटपटू द्यावेत. मुद्दा तेवढा लटपटता कामा नये.