रोप टपालाने पाठवायचे तर आधी दिवस मोजा

रोपवाटिकेचा धंदा आता फक्त दारात येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालत नाही. कोकणातला कलमवाला विदर्भातल्या बागायतदाराला आंब्याच्या डोळकाड्या पाठवतो, पुण्याहून गुलाबाची रोपे हैदराबादला जातात आणि गच्चीवर पन्नास कुंड्या सांभाळणारी एखादी गृहिणीही अडेनियमची रोपे परगावच्या हौशी मंडळींना विकून घरखर्चाला हातभार लावते. या व्यवहारात पैसे आधी येतात आणि माल मागाहून जातो. कापडाचा गठ्ठा आठ दिवस उशिरा पोचला तर गिऱ्हाईक फार तर चार शब्द सुनावते. रोप आठ दिवस उशिरा पोचले तर खोक्यातून काळी पडलेली काडी निघते. मग पैसे परत करावे लागतात, टपालखर्च अंगावर पडतो आणि बागप्रेमींच्या ओळखीओळखीत कमावलेले नाव जाते ते वेगळेच.

असे असूनही पहिला प्रश्न ऐकू येतो तो हाच : कोणती सेवा स्वस्त? हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की आपला माल बंद खोक्यात, अंधारात, पाण्यावाचून किती दिवस जिवंत राहतो? त्याचे उत्तर ठरले की सेवा आपोआप ठरते. पुष्कळदा स्वस्त सेवाच पुरेशी असल्याचेही ध्यानात येते.

रोप खोक्यात गेले की उजेड बंद होतो आणि अन्न तयार होणे थांबते. श्वसन मात्र चालूच राहते, म्हणजे साठवलेले अन्न खर्च होत राहते. पानांतून पाणी उडत असते. हे पाणी अडवण्यासाठी रोप प्लास्टिकमध्ये घट्ट बांधले तर आत वाफ धरते, बुरशी येते आणि पाने गळतात. इंग्लंडमधील डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ साली बंद काचेच्या बरणीत नेचाचे रोप उगवलेले दिसले. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या तयार केल्या आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत जिवंत पोचली. रॉबर्ट फॉर्च्युनने १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली तीही याच पेट्यांतून. पण त्या पेट्या काचेच्या होत्या, जहाजाच्या डेकवर उजेडात ठेवल्या जात. आपले खोके पुठ्ठ्याचे आणि टपालाच्या थैलीतले. बंद करून ठेवले म्हणजे रोप टिकते हा समज त्यामुळे इथे लागू पडत नाही.

आता मालाचे प्रकार पाहू. भाजीपाल्याचे आणि फुलझाडांचे सुके बी, तसेच निशिगंध व ग्लॅडिओलसचे सुप्तावस्थेतले कंद यांना घाई नाही. पंधरा दिवस लागले तरी बिघडत नाही. कंद मात्र कागदी किंवा कापडी पिशवीत घालावेत, प्लास्टिकमध्ये ते घाम धरून कुजतात. निवडुंग, इतर मांसल पानांची झाडे आणि अडेनियम ही मंडळी टपालाची खरी मित्र. कुंडीतून काढून, माती झटकून, मुळांच्या जखमा दोन-तीन दिवस सावलीत सुकू देऊन वर्तमानपत्रात कोरडी गुंडाळली की दहा-बारा दिवस सहज काढतात. इथे पाणी शिंपडणे म्हणजे नुकसान करणे होय. नवशिके लोक दया म्हणून ओल ठेवतात आणि रोप मुळाशी मऊ पडते.

अंजिराच्या काड्याही चांगल्या प्रवास करतात. पुरंदरकडचे बागायतदार छाटणी करतात तेव्हाच्या पक्व, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीत-सव्वा वीत लांबीच्या काड्या किंचित ओलसर कागदात गुंडाळून वर प्लास्टिक लावले तर आठ-दहा दिवस टिकतात. आंब्याची डोळकाडी इतकी सोशिक नाही. जाणते कलमवाले काडी कापण्याआधी आठ-दहा दिवस झाडावरच तिची पाने देठ ठेवून काढून टाकतात, म्हणजे डोळा फुगतो आणि पानांतून पाणी उडण्याचा प्रश्न उरत नाही. मग ओलसर शेवाळात किंवा कापडात गुंडाळून पाठवली तर चार-पाच दिवसांच्या आत ती खुंटावर बसली पाहिजे. कोय कलमांचा हंगाम पावसाळ्यातला, म्हणजे नेमका रस्ते आणि गाड्या रखडण्याचा, हेही हिशेबात धरावे.

सर्वांत नाजूक माल म्हणजे पिशवीतले हिरवे पानेदार रोप : जास्वंद, मोगरा, पुदिना, भाज्यांची रोपे. तीन ते चार दिवस ही त्यांची मर्यादा समजावी, एप्रिल-मेमध्ये त्याहूनही कमी. पाने काढून, मुळे ओल्या शेवाळात बांधलेले गुलाबाचे रोप थंडीत पाच-सहा दिवस निभावते. आणखी एका बाबतीत फसगत होते. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाची बी हे दिसायला बी असले तरी सुकले की मरतात. ते साध्या बियाण्यासारखे पाकिटात घालून पाठवू नये. ओलसर कोकोपीटमध्ये, छिद्रे पाडलेल्या पिशवीत आणि जलद सेवेनेच पाठवावे.

दिवस ठरले, आता सेवा. जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी अजून 'रजिस्टर करून टाक' असे शब्द असतात. देशांतर्गत रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. ज्या नावाने पत्ता त्याच माणसाच्या हाती माल द्यावा, अशी रजिस्टरसारखी सोय आता स्पीड पोस्टवर जादा आकार देऊन घेता येते. रोपांच्या बाबतीत ही सोय शक्यतो घेऊ नये, असे माझे मत आहे. गिऱ्हाईक दुकानावर असते, घरी वडीलधारी माणसे असतात. ती पार्सल घेऊ शकत असतील तर रोप एक दिवस पोस्टात पडून राहत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर आले. वर्तमानपत्रांत जे दर छापून आले ते पत्रे आणि कागदपत्रांचे होते. पार्सलचा आकार वेगळा असतो, तेव्हा तो कोष्टक पाहून गिऱ्हाइकाला सांगू नये. खिडकीवर विचारून मगच टपालखर्च कळवावा.

स्पीड पोस्टचा मोठा गुण म्हणजे खेडोपाडी पोच. कुरिअरवाला शहरात झपाट्याने माल देतो, पण आडगावच्या पत्त्यावर जवळच्या तालुक्याला पार्सल ठेवून 'येऊन घेऊन जा' असा फोन करतो. काही वेळा फोनही करत नाही. म्हणून शहर ते शहर असेल तर कुरिअर आणि गाव आले की टपाल, हा ढोबळ नियम मला बरा वाटतो. कुरिअरकडे देताना आत जिवंत रोप आहे हे स्पष्ट सांगावे. अनेक कंपन्या नाशवंत मालाची जबाबदारी घेत नाहीत, काही तर असा माल घेतच नाहीत. 'कपडे' असे लिहून रोप पाठवण्याचा सल्ला देणारे भेटतील. तसे करू नये. खोटे लिहिलेल्या पार्सलाची तक्रार करायला तोंड उरत नाही.

महाराष्ट्रात तिसरा मार्गही आहे आणि मोठ्या रोपांसाठी तो मला सर्वांत चांगला वाटतो. तो म्हणजे एस.टी.चे पार्सल किंवा रात्रीच्या खाजगी बसने पाठवणे. संध्याकाळी चढवलेला माल बहुधा सकाळी पोचतो, रोप उभे ठेवता येते, कुंडीसकट जाते. अडचण एकच. गिऱ्हाइकाला स्वतः बस स्थानकावर यावे लागते आणि गाडी येण्याच्या वेळी यावे लागते. आधी फोनवर नक्की केल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

दराचा हिशेब करताना बहुतेक लोक वजनकाटा पाहतात आणि खिडकीवर चकित होतात. पार्सल हलके पण मोठे असेल तर आकारमानाच्या वजनावर पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि साधारणपणे ५००० ने भागायचे. काही कुरिअरवाले यापेक्षा लहान आकड्याने भागतात, तेव्हा विचारून घ्यावे. समजा कुंडीसह रोपाचे खोके ४५ × २० × २० सेंटीमीटर आहे. गुणाकार १८,०००, भागाकार ३.६ किलो. काट्यावर ते सव्वा किलोच भरेल, पण पैसे ३.६ किलोचे. तेच रोप कुंडीतून काढून, मुळांना ओले शेवाळ बांधून ४५ × १२ × १० च्या लांबट खोक्यात आडवे घातले तर गुणाकार ५,४०० आणि वजन १.०८ किलो. टपालखर्च पुष्कळ उतरतो, शिवाय माती न गेल्याने मातीतली कीड आणि रोगही दुसऱ्याच्या बागेत जात नाही. हा एक हिशेब जमला तर महिन्याच्या वीस-पंचवीस पार्सलांत नफ्या-तोट्याचा फरक पडतो.

आता वाराचा प्रश्न. मालेगावसारख्या गावांत साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून आठवड्याचे काम गुरुवारी उरकून सारी पार्सले संध्याकाळी रवाना करण्याची आपल्या अनेक व्यापारी बंधूंना सवय आहे. रोपांसाठी यापेक्षा वाईट वार नाही. गुरुवारी थैली निघून गेल्यावर दिलेले पार्सल शुक्रवारी हलते, शनिवारी मोठ्या केंद्रात पोचते, रविवारी तिथेच बसते आणि सोमवारी किंवा मंगळवारी दारात येते. तेच सोमवारी सकाळी दिले तर पुष्कळदा बुधवारी-गुरुवारी पोचते. सेवा तीच, दर तोच आणि अंधारातले दोन दिवस कमी. आपल्या पोस्टातून थैली किती वाजता निघते हे एकदा पोस्टमास्तरांना विचारून ठेवावे. मोठ्या रेल्वे स्थानकांजवळ आर.एम.एस. कार्यालय असेल तर तिथे संध्याकाळी कितीपर्यंत पार्सल घेतात याचीही चौकशी करावी. ईद, दिवाळी, गणपतीच्या सुट्ट्या पंचांग आणि कॅलेंडर पाहून टाळाव्यात. राखीपौर्णिमेच्या आधीचे दहा-बारा दिवस तर टपाल इतके भरलेले असते की नाजूक माल त्यात न घातलेलाच बरा.

पत्त्यात पिनकोड चुकला की दोन-तीन दिवस गेलेच समजा. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखलेली ही सहा अंकांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे पहिले तीन अंक माल कोणत्या छाननी जिल्ह्यात जायचा ते सांगतात. शेवटचा अंक चुकला तर पार्सल शेजारच्या पोस्टात जाईल, पहिल्या तिघांतला चुकला तर परजिल्ह्यात फिरून येईल. गिऱ्हाइकाकडून पिनकोड लेखी घ्यावा, ऐकून लिहू नये.

माल पोचल्यावर पैसे, ही पद्धत रोपांसाठी मुळीच स्वीकारू नये. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले तर कापड परत येऊन पुन्हा विकता येते. रोप जायचे चार आणि यायचे सहा असे दहा दिवस काढून परत येते तेव्हा खतातच जाते. त्याऐवजी पैसे आगाऊ घ्यावेत आणि मेलेल्या रोपाबद्दल आपण काय करणार हे आधीच कळवावे : चोवीस तासांत खोके उघडून छायाचित्र पाठवल्यास दुसरे रोप, टपालखर्च अर्धा-अर्धा, किंवा आपल्याला परवडेल ते. टपाल किंवा कुरिअरकडून मिळणाऱ्या भरपाईवर विसंबू नये. उशिराबद्दल काही मिळालेच तर ते आकाराच्या मानाने असते, वाळलेल्या रोपाची किंमत त्यात येत नाही.

आखाती देशांत असलेले नातेवाईक आणि ओळखीचे लोक मोगऱ्याची किंवा मेंदीची रोपे मागवतात. इथे देशांतर्गत टपालाचे नियम चालत नाहीत. परदेशी रोप पाठवायचे तर केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण खात्याच्या व्यवस्थेतून मिळणारा वनस्पती आरोग्य दाखला लागतो आणि त्या देशाची आयात परवानगीही पाहावी लागते. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत अनेकांच्या घरी न मागवलेली बियांची पाकिटे आली आणि ऑगस्टमध्ये आपल्या कृषी मंत्रालयानेही सावधगिरीची सूचना काढली, तेव्हापासून बियाण्याच्या पाकिटाकडेही संशयाने पाहिले जाते. बाहेरून रोप किंवा बी मागवणेही २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली येते. दोन रोपांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही हे गिऱ्हाइकाला सरळ सांगावे. देशातही केळीचे मुनवे टपालाने पाठवण्याच्या फंदात पडू नये. केळीच्या विषाणुरोगांमुळे त्यांच्या वाहतुकीवर निर्बंधाच्या अधिसूचना आहेत. फळझाडांची रोपे विकणाऱ्यांनी १९६९ च्या महाराष्ट्र फळरोपवाटिका कायद्याखालचा परवाना आहे ना, तेही पाहावे.

बांधणीबद्दल थोडेच सांगतो. रोप खोक्यात हलता कामा नये, एवढे एक साधले की निम्मे काम झाले. रिकाम्या जागी चुरगळलेला कागद भरावा, खोक्याला चार-सहा छिद्रे पाडावीत, ओल फक्त मुळांशी ठेवावी. गळणारे पार्सल पोस्टात घेत नाहीत आणि घेऊही नये. बियांचे पाकीट शिक्क्याच्या ठोक्याखाली भरडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावावा. खोक्यावर 'जिवंत रोपे, ही बाजू वर' असे हिंदी व इंग्रजीत ठळक लिहावे. आत एक चिठ्ठी असावी : पानेदार रोप असेल तर उघडताच पाणी देऊन तीन-चार दिवस सावलीत ठेवा, निवडुंग किंवा अडेनियम असेल तर कोरड्या मातीत लावा आणि पहिले पाणी चार-पाच दिवसांनी द्या. पार्सल खिडकीवर दिले त्याच दिवशी पावतीवरचा क्रमांक गिऱ्हाइकाला कळवावा, आणि तिसऱ्या दिवशी आपणच त्या क्रमांकाचा तपास करावा. कुठे अडकले असेल तर तिसऱ्या दिवशी केलेल्या फोनने ते सुटते. सातव्या दिवशीच्या फोनने फक्त कुठे अडकले होते ते कळते.