दोन थरांमधली रेष

रत्नागिरीच्या काळ्या वाळूत खेळत मी मोठी झाले. ती वाळू इल्मेनाइटची, हे एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं. मला पुढे ज्या वाळूने पोसलं ती मात्र वेगळी. केरळात चवरा, तमिळनाडूत मनवलकुरिची आणि ओडिशात छत्रपूरच्या किनाऱ्यांवर सापडणारं मोनाझाइट, मधाच्या रंगाचे बारीक दाणे. त्यात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं असतात, थोरियम असतं, थोडं युरेनियमही असतं. ही सगळी एकमेकांपासून सोडवायची, तेही पाण्याचा थर आणि तेलाचा थर एकत्र घुसळून. बत्तीस वर्षं मी हेच, म्हणजे द्रावक निष्कर्षण, केलं. आधी प्रयोगशाळेत, मग प्लांटवर. नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना जे सांगत आले, ते इथे लिहिते.

१. तोटी आधी, घड्याळ नंतर

सेपरेटिंग फनेल हातात आला की सगळ्यांना तो जोरात हलवायचा असतो. आधी उलटा धरा, बूच तळहाताने दाबा, तोंडापासून लांब करून तोटी उघडा आणि आतली हवा जाऊ द्या. मगच पुन्हा हलवा. टीबीपी, म्हणजे ट्रायब्युटाइल फॉस्फेट, धुवायला आम्ही सोडियम कार्बोनेटचं द्रावण वापरायचो. त्यात मागचं नायट्रिक ॲसिड उरलेलं असलं की कार्बन डायऑक्साइड फसफसून येतो. पहिल्याच महिन्यात मी घाई केली. बूच उडालं आणि पिवळं द्रावण समोरच्या फरशीवर ओघळलं. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून वाचले.

२. एका तांब्याचं पाणी तीनदा

आई ताकाचं भांडं विसळताना तांब्यातलं पाणी एकदम कधी ओतायची नाही. थोडं घालायची, खळबळवायची, ओतून टाकायची, पुन्हा थोडं. आमच्या विषयाचा पाया तोच आहे.

हिशेब करून बघा. एखादा धातू पाण्यापेक्षा द्रावकात, म्हणजे तेलाच्या थरात, चौपट राहायला बघतो असं धरा. पाण्याइतकंच द्रावक एकदम घातलं तर पाण्यात 20 टक्के धातू मागे राहतो. तेच द्रावक दोन भागांत वापरलं तर 11 टक्के. चार भागांत वापरलं तर सव्वासहा टक्के. द्रावक तेवढंच, हात फक्त चारदा हलला. विद्यार्थ्याने हा हिशेब स्वतःच्या हाताने केल्याशिवाय मी त्याला प्लांट दाखवायला नेत नसे. आमच्या पिढीकडे ए. के. डे, एस. एम. खोपकर आणि आर. ए. चाल्मर्स यांचं धातूंच्या द्रावक निष्कर्षणावरचं 1970 चं पुस्तक होतं. खोपकर सर आयआयटी मुंबईचे. ते पुस्तक आमच्या टेबलावर कायम उघडं असायचं, पानांवर आम्लाचे डाग पडलेलं.

३. सख्ख्या भावंडांचा फरक

लॅन्थेनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा भावंडं दिसायला, वागायला जवळजवळ सारखी. बहुतेक सगळी पाण्यात तीन धनभार घेऊन बसतात. फरक एवढाच की क्रमाने पुढे जावं तसा आयन आकसत जातो. लॅन्थेनमचा सुमारे 103 पिकोमीटर, ल्युटेशियमचा सुमारे 86. पंधरा घरांत मिळून सतरा पिकोमीटर! लहान आयन द्रावकातल्या फॉस्फोरिक आम्लाला जरा जास्त घट्ट धरतो, मोठा जरा सैल. आमची सगळी भिस्त या 'जरा'वर.

आमच्याकडचं नेहमीचं द्रावक डीटूईएचपीए, तेही असंच एक फॉस्फोरिक आम्ल. त्यात शेजारच्या दोन मूलद्रव्यांमधला विलगीकरण गुणक सरासरी अडीच धरतात. म्हणजे एका घुसळणीत एक जण दुसऱ्यापेक्षा अडीचपट पुढे. कागदावर अशा दहा पायऱ्या लावल्या तर हे प्रमाण साडेनऊ हजारांवर जातं. पण प्रासिओडिमियम आणि निओडिमियम ही जोडी हट्टी, तिथे गुणक दीडच्या आसपास. त्याच दहा पायऱ्यांत प्रमाण अठ्ठावन्नाच्याही पुढे जात नाही. म्हणूनच प्लांटवर घुसळायच्या आणि थर निवळायच्या खोक्यांची, म्हणजे मिक्सर-सेटलरची, रांग एवढी लांब असते. पाहुणे विचारायचे, "एकच मोठं यंत्र का नाही लावत?" मी त्यांना चार्ल्स जेम्सची गोष्ट सांगायचे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये या माणसाने 1911 मध्ये शुद्ध थुलियम मिळवण्यासाठी सुमारे 15,000 वेळा स्फटिकं पाडली. खोक्यांची रांग त्याच्या मानाने खूपच दयाळू आहे.

४. रेषेवरून नजर हटू देऊ नका

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. सेटलरच्या काचेतून वरचा ऑरगॅनिक थर आणि खालचा पाण्याचा थर दिसतो. दोन्हींच्या मध्ये एक रेष. ती सरळ, स्वच्छ आणि जागच्या जागी असेल तर प्लांट ठीक. ती जाड झाली, तपकिरी झाली, वर चढायला लागली, तर मीटर काहीही म्हणोत, कुठेतरी बिघडलंय.

एका रात्रपाळीत रॅफिनेटच्या, म्हणजे धातू काढून घेतलेल्या पाण्याच्या, सॅम्पलमध्ये धातू जास्त आला. मला वाटलं घुसळण कमी पडतेय. मी पंख्यांचा वेग वाढवायला सांगितला. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते म्हणाले, "मॅडम, रेष वर चाललीय. वेग नको वाढवायला."

"अण्णा, सॅम्पल बघा ना, धातू राहतोय मागे."

"सॅम्पल अर्ध्या तासापूर्वीचं. रेष आत्ताची."

मी ऐकलं नाही. वेग वाढला तसे थेंब आणखी बारीक झाले आणि सेटलरमध्ये ते जुळेनात. पहाटे तीनला पाचव्या खोक्यात साबणाच्या फेसासारखा, पण घट्ट, तपकिरी साका आडवा पसरलेला होता. आम्ही त्याला क्रड म्हणतो. फीडमधली, म्हणजे प्लांटमध्ये येणाऱ्या द्रावणातली, बारीक सिलिका आणि न विरघळलेला गाळ थेंबांच्या पृष्ठभागावर बसतो आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. ऑरगॅनिक पाण्याबरोबर शेजारच्या खोक्यात वाहत गेलं. प्लांट थांबवून, क्रड उपसून, सगळ्या खोक्यांतली मांडणी पुन्हा जागेवर यायला चार दिवस लागले. खरं कारण फीडच्या फिल्टरमध्ये होतं. कापड फाटलेलं होतं.

प्लांट पुन्हा सुरू झाल्यावर अण्णांनी मला एक साधी गोष्ट शिकवली. मिक्सरमधलं मिश्रण मोजपात्रात घ्यायचं आणि थर वेगळे व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. त्या दिवसापासून दर दोन तासांनी हा आकडा लॉगबुकात लिहायचा नियम मी केला. आकडा वाढायला लागला की पहिलं काम फीडचा फिल्टर बघणं. वेग नंतर.

५. आत गेलेलं बाहेर काढायचाही विचार आधीच करा

डीटूईएचपीए एक धातूचा आयन आत घेतं आणि बदल्यात तीन हायड्रोजन आयन पाण्यात सोडतं. पाणी अधिक आम्ल होतं आणि पुढची देवाणघेवाण थंडावते. म्हणून द्रावक आधी थोडं कॉस्टिकने किंवा अमोनियाने उदासीन करून घ्यावं लागतं. अमोनिया वापरलात तर तो सांडपाण्यात उतरतो, ते पाणी गावाच्या ओढ्याला जाणार नाही याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. आणि इटर्बियम, ल्युटेशियमसारखे जड भाऊ एकदा आत शिरले की साध्या आम्लाने बाहेर येत नाहीत, जोरकस आम्ल लागतं.

६. खिडकीपाशी जाऊन बघा

निओडिमियमचं द्रावण सूर्यप्रकाशात जांभळट गुलाबी दिसतं. तेच ट्यूबलाइटखाली निळसर, कधी हिरवट. प्रासिओडिमियम हिरवं, युरेनिल नायट्रेट पिवळं, लॅन्थेनम पाण्यासारखं नितळ. रंगावरून शुद्धता ठरवता येत नाही, ते काम विश्लेषणाचं. पण रंग चुकीचा दिसला तर बाटली चुकली आहे एवढं कळतं. रात्रपाळीत एका मुलीने ट्यूबलाइटखाली निओडिमियमला प्रासिओडिमियम समजून लेबल लावलं. सकाळी खिडकीत धरल्यावर तिचं तिलाच कळलं. तेव्हापासून लेबल लावण्याआधी रंग दिवसाच्या उजेडात बघून घ्यायची पद्धत आम्ही पाडली.

७. उरलेल्या द्रावकावर विश्वास ठेवू नका

टीबीपीचं मोठं काम युरेनियम आणि थोरियमचं. तरी सीरियमसाठीही ते वापरलं गेलंय, जेम्स वॉर्फने 1949 मध्ये तसं छापलं होतं. त्याही आधी, 1842 मध्ये, पेलिगो या रसायनशास्त्रज्ञाला युरेनिल नायट्रेट ईथरमध्ये विरघळतं हे दिसलं होतं. ईथर पेटतं, त्या मानाने टीबीपी सुरक्षित. पण जोरकस नायट्रिक ॲसिड, धातूचे नायट्रेट आणि उष्णता एकत्र आली की टीबीपी फुटतं, त्याचं 'रेड ऑइल' होतं, वायू सुटतात. 6 एप्रिल 1993 रोजी रशियातल्या टोम्स्क-7 मध्ये अशीच एक टाकी फुटली. आत सेंद्रिय द्रावक राहून गेलेलं होतं, त्यावर जोरकस नायट्रिक ॲसिड घातलं गेलं. आमच्या बाष्पकाच्या आधी म्हणूनच शेवटचा सेटलर मोठा होता, आणि तापमानाची मर्यादा 130 अंशांच्या बरीच खाली ठेवलेली. पाण्यावर तेलाची एक झिलई दिसली तरी द्रावण पुढे जाऊ द्यायचं नाही. उत्पादन अडकलं तर अडकू दे. या बाबतीत मी वरिष्ठांशी भांडले आहे आणि पुन्हा भांडेन.

८. डब्यावर तारीख

थोरियम ताजं शुद्ध केलं की मोजणीयंत्र शांत असतं. नवीन माणसाला वाटतं, झालं, स्वच्छ. पण थोरियम-232 बरोबर थोरियम-228 ही असतंच. दोन्ही थोरियमच, त्यांना कोणतंही द्रावक वेगळं करणार नाही. 228 पासून रेडियम-224 तयार होतं, त्याच्यापुढची साखळी काही आठवड्यांत भरते आणि शेवटाजवळचं थॅलियम-208 तब्बल 2.6 एमईव्हीचा गामा किरण सोडतं. तोच डबा महिन्याने मोजला तर आकडा वाढलेला. तिकडे मोनाझाइटमधलं रेडियम-228 बेरियम सल्फेटबरोबर गाळात गेलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य पावणेसहा वर्षं, त्याची राखण वेगळी.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात नव्या ट्रेनीने मला हाक मारली. गोदामातल्या एका डब्याचं रीडिंग मागच्या नोंदीपेक्षा जास्त येत होतं. डबा गळतोय का, म्हणून ती घाबरली होती. आम्ही झाकण, सील, खालची फरशी सगळं तपासलं. सगळं कोरडं. मग मी डब्यावरची चिठ्ठी बघितली. वजन होतं, बॅच नंबर होता, शुद्ध केल्याची तारीख नव्हती. तिने लॉगबुक चाळलं. सत्तावीस दिवस झाले होते. तिने मार्कर काढला, डब्यावर तारीख लिहिली आणि शेजारच्या डब्याकडे वळली.