जीर्णोद्धार कीं सुधारणा? : जुन्या मोटारीपासून एक धडा

जुन्या इंग्रजी मोटारींच्या विक्रीच्या जाहिरातींत "जीर्णोद्धार केलेली व सुधारलेली" असे दोन शब्द बहुधा जोडीनें येतात. वाचणारा त्यांवरून इतकेंच समजतो कीं, गाडी चांगली आहे. परंतु हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहींत; किंबहुना ते दोन निराळ्या दिशांस जातात. जीर्णोद्धार म्हणजे वस्तु मुळांत जशी होती तशी पुन्हां करणें. सुधारणा म्हणजे ती मुळांत नव्हती तशी करणें. हा भेद ज्यास कळत नाहीं त्याचे पैसे जातात, आणि मोटारीच्या बाबतींत प्रसंगीं प्राणहि जातात. म्हणून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं तो नीट समजून घ्यावा, या हेतूनें हा पाठ आम्ही लिहीत आहों.

प्रथम आपल्या पिंपळगांव राजाच्या परिसरांतील ओळखीची वस्तु घेऊं. लांकडी चाकाच्या बंडीचा एक आरा मोडला, सुतारानें तशाच लांकडाचा नवा आरा बसविला, लोहारानें लोखंडी धाव तापवून चाकावर चढविली व पाणी ओतून ती आवळली. हा जीर्णोद्धार होय. उलट लांकडी चाकें काढून त्यांच्या जागीं रबरी टायरांचीं चाकें बसविलीं, तर ती सुधारणा होय. टायरची बंडी हलकी चालते, म्हणून तींत माल अधिक भरतां येतो. परंतु उतारावर तोच अधिक भार बैलांच्या मानेवर लोटतो. म्हणजे चाकें सुधारलीं, आणि अडविण्याची सोय तशीच राहिली, तर सुधारणाच संकट होऊन बसते. हा दाखला ध्यानांत ठेवून आपण मोटारीकडे वळूं.

इंग्लंडांतील बंदिस्त छपराच्या, चार दारांच्या, परंतु शर्यतीच्या मोटारीसारख्या वेगानें धांवणाऱ्या गाड्यांत जॅग्वार कंपनीची 'मार्क २' ही फार नांवाजलेली आहे. या कंपनीचा आरंभ अगदीं लहान होता. विल्यम लायन्स व विल्यम वॉम्स्ली या दोघा तरुणांनीं १९२२ सालीं ब्लॅकपूल येथें मोटारसायकलीस जोडावयाच्या बाजूगाड्या करण्याचा कारखाना काढला. पुढें त्यांतूनच मोटारी निघूं लागल्या. १९३५ सालीं 'जॅग्वार' हें नांव प्रथम एका गाडीस दिलें गेलें, व १९४५ सालीं तेंच कंपनीचें नांव झालें. १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत तिनें सहा सिलिंडरांचें 'एक्स-के' इंजिन लोकांपुढें मांडलें. तें इतकें टिकाऊ ठरलें कीं, १९९२ सालापर्यंत त्याचा उपयोग होत राहिला.

हेंच इंजिन घेऊन १९५९ सालीं मार्क २ बाजारांत आली. तिच्या सर्वांत मोठ्या, ३.८ लिटरच्या इंजिनाची शक्ति २२० अश्वशक्ति सांगितली जाई, व तिचा परमवेग ताशीं सुमारें १२५ मैल होता. आपल्याकडील वाचकांस या कंपनीशीं नातें सांगण्याजोगें आहे. कारण २००८ सालीं मुंबईच्या टाटा मोटर्सनें जॅग्वार व लँड रोव्हर या कंपन्या फोर्डकडून २३० कोटी डॉलरांस विकत घेतल्या, आणि २०११ सालीं पुण्यांत त्यांच्या मोटारींची जुळणी सुरू झाली.

आतां अशा साठ वर्षांच्या गाडीचा जीर्णोद्धार म्हणजे काय? पुष्कळांस वाटतें कीं, नवा रंग व चकचकीत दांड्या म्हणजेच जीर्णोद्धार. वस्तुतः रंग हें शेवटचें काम आहे. या गाडीस ट्रकप्रमाणें स्वतंत्र सांगाडा नाहीं. पत्र्याचें कवच हेंच तिचें हाड आहे. दारांखालचे पोकळ पाट, चाकांवरील कमानी, मागील पाटे जेथें बसतात ती जागा, अशा ठिकाणीं ओल साचून गंज आंतून खातो. तेथें भर घालून वर रंग दिला, तर गाडी सुंदर दिसेल, पण तिच्या अंगीं बळ राहणार नाहीं. खरा कारागीर गंजलेला पत्रा कापून काढतो, नवा जोडतो, आणि मगच रंगाचा डबा उघडतो. घराची भिंत ओली असतां वर चुना फासणें जसें, तसेंच गंजावर रंग देणें होय.

सुधारणेची गोष्ट निराळी. तिचा मर्म समजण्यासाठीं ब्रेकचें शास्त्र पाहावें. धांवत्या गाडीच्या अंगीं जी शक्ति असते ती ब्रेक नाहींशी करीत नाहीं. घर्षणानें तिची उष्णता करितो. ही शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ३० मैलांवरून वेग ६० मैल झाला, तर तो दुप्पट झाला. परंतु थांबवितांना निघणारी उष्णता चौपट होते. जुने ढोलाचे ब्रेक बंदिस्त असल्यामुळें ही उष्णता आंत कोंडते, ढोल प्रसरण पावतो व पकड सैल होते. चकतीचे ब्रेक उघड्या वाऱ्यांत असल्यामुळें लवकर निवतात. जॅग्वारच्या शर्यतीच्या गाडीनें १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत अशाच ब्रेकांच्या बळावर, ताशीं सरासरी १०५ मैलांहून अधिक वेगानें जिंकली. पुढें मार्क २ च्या चारहि चाकांस चकतीचे ब्रेक देण्यांत आले.

यावरून सुधारणेचा नियम निघतो: धांवण्याची शक्ति वाढवाल, तर थांबण्याची शक्ति तिच्या बरोबरीनें वाढवा. याचें चांगलें उदाहरण २०१४ सालीं पाहावयास मिळालें. जॅग्वारचे त्या वेळचे मुख्य रचनाकार इयन कॅलम यांनीं स्वतःकरितां एक मार्क २ नव्यानें सिद्ध करविली. तींत ४.३ लिटरचें एक्स-के इंजिन व पांच गतींचा गिअरबॉक्स बसविला. परंतु तेवढ्यावर न थांबतां ब्रेक व चाकांचे झोले हेहि अधिक समर्थ केले. टायरच्या बंडीची चूक त्यांनीं होऊं दिली नाहीं.

मग सुधारलेलीच गाडी घ्यावी काय? येथें कायदाहि पाहिला पाहिजे. भारत सरकारनें २०२१ सालीं जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेलें, मूळ स्वरूपांत राखलेलें, आणि ज्याच्या सांगाड्यांत, कवचांत किंवा इंजिनांत मोठा फेरबदल झालेला नाहीं, असें वाहनच त्यांत बसतें. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये ठेविलें आहे, व अशा वाहनाचा व्यापारी उपयोग करितां येत नाहीं. म्हणजे ज्यानें मोठें इंजिन बसविलें त्यास वेग मिळाला, पण हा मान मिळावयाचा नाहीं. उलट कांहीं सुधारणा काळच करावयास लावितो. २०२५ सालापर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल मिसळूं लागले. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यानें खराब होऊं शकतात; त्या बदलणें हा हौसेचा भाग नसून आगीपासून बचावाचा उपाय आहे.

तेव्हां घेणाऱ्यानें विकणाऱ्यास एकच गोष्ट मागावी: दोन रकान्यांची लेखी यादी. एका रकान्यांत "मूळाप्रमाणें केलें", दुसऱ्यांत "मूळाहून निराळें केलें"; प्रत्येक कामापुढें तारीख, कारागिराची पावती, आणि काम चालू असतां घेतलेलीं छायाचित्रें. इंजिनाचा व कवचाचा क्रमांक नोंदणीपत्राशीं ताडून पाहावा. प्रामाणिक विक्रेता अशी यादी मागितल्यानें रागावत नाहीं. ती तोच आधीं पुढें करितो. जो म्हणतो, "सर्व कांहीं केलें आहे," त्यानें कांहींच सांगितलें नाहीं असें समजावें.

आपणांपैकीं फार थोड्यांस अशी मोटार घ्यावयाची असेल. परंतु जुनी शिलाई-यंत्रें, पाण्याचे पंप, सायकली व ट्रॅक्टर यांची देवघेव आपल्या घरीं व खामगांवच्या बाजारांत नित्य होते. आणि आपले कांहीं विद्यार्थी उद्यां कारागीर होऊन दुसऱ्यांच्या वस्तु दुरुस्त करणार आहेत. त्या दिवशीं रंगाच्या खालीं काय आहे हें गिऱ्हाइकास दिसणार नाहीं. तें केवळ त्यांसच ठाऊक असेल. त्यांची खरी परीक्षा तेथें होईल.

अभ्यास : (१) ताशीं २० मैल वेगाच्या गाडीचा वेग ६० मैल झाला, तर थांबवितांना निघणारी उष्णता किती पट होईल? (२) घरांतील एक दुरुस्त केलेली वस्तु घेऊन वडिलांच्या किंवा आजोबांच्या मदतीनें तिची दोन रकान्यांची यादी करा. (३) त्या वस्तूंतील एक सुधारणा निवडा, व तिच्यामुळें दुसऱ्या कोणत्या भागावर ताण वाढला तें लिहा.