दुसऱ्याने लिहिलेला ‘मी’ : ‘परफेक्ट ब्लू’मधील चाहते आणि निवेदन

कथेचा निवेदक आणि कथेचा लेखक एक नव्हेत, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो. सातोशी कोन (१९६३–२०१०) यांच्या ‘परफेक्ट ब्लू’ (१९९७) या जपानी ॲनिमेशनपटात हाच भेद एका तरुणीच्या जिवावर बेततो.

मिमा किरिगोए ही तीन मुलींच्या गायनसंचातली तारका. गाणे सोडून ती अभिनयाकडे वळते. निरोपाच्या कार्यक्रमात एक चाहता आपला तळहात रंगमंचाच्या रेषेत धरतो. त्याच्या नजरेला ती त्या तळहातावर नाचताना दिसते. भक्ती कुठे संपते आणि मालकी कुठे सुरू होते, हा प्रश्न या एका चित्रातच उभा राहतो. हा चाहता स्वतःला ‘मी-मेनिया’ म्हणवतो. मराठी कानाला या नावात आपला ‘मी’ ऐकू येतो, आणि तसा तो ऐकायला हरकत नाही.

‘मिमाची खोली’ नावाच्या संकेतस्थळावर तिच्या नावाने रोजनिशी प्रसिद्ध होत असते. गाडीतून उतरताना ती आधी कोणता पाय टाकते, इतका बारीक तपशील त्यात असतो. मिमाला प्रथम गंमत वाटते. पुढे मात्र तिने कधीच न केलेल्या तक्रारी त्यात उमटू लागतात: अभिनय माझ्यावर लादला गेला, मला पुन्हा गायचे आहे. चाहत्याच्या लेखी रोजनिशीतली मिमा खरी आणि चित्रीकरणात दिसणारी तोतया ठरते. मराठीत ही रोजनिशी ‘मी गेले, मी आले’ अशीच लिहिली जाईल. पण क्रियापद निवेदकाचे लिंग सांगते, लिहिणाऱ्याचे नाही. संशय पुरुष चाहत्यावर राहतो, आणि स्वतःलाच मिमा मानणारी निघते तिची व्यवस्थापिका रुमी, एके काळची गायिका. मिमाला संगणक वापरायला शिकवणारीही तीच.

स्वप्न सुरू झाल्याची कोणतीही ओळखीची खूण कोन देत नाहीत. मिमा पुन्हा पुन्हा त्याच खोलीत जागी होते. खरा वाटलेला प्रसंग मालिकेचे चित्रीकरण ठरतो. अविश्वसनीय निवेदक शिकवताना कादंबऱ्यांपेक्षा हे संकलन मला अधिक उपयोगी वाटते.

त्सुत्सुइ यांच्या कादंबरीवरील ‘पाप्रिका’ (२००६) या कोन यांच्याच चित्रपटात गंभीर संशोधिका चिबा स्वप्नांत खट्याळ पाप्रिका होऊन वावरते. ते रूप तिचे स्वतःचे असते. मिमाचे दुसरे रूप मात्र इतरांनी पाहिलेले स्वप्न आहे. म्हणूनच ते तिच्याशी समेट करीत नाही, तिची जागा मागते.

शेवटी रुग्णालयात रुमीला भेटून मिमा मोटारीत बसते आणि आपण खरी असल्याचे सांगते. हे सांगताना तिचा चेहरा आपल्याला दिसतो तो मोटारीच्या आरशात. तोवर चित्रपटभर काचांत आणि आरशांत दिसत आली होती ती खोटी मिमा.