जुन्या वस्तऱ्याची पिन काढताना मूठ कशी वाचवायची?



जुने वस्तरे नीट करून विकायचे, किंवा लोकांच्या घरचे वस्तरे दुरुस्त करून द्यायचे, असा छोटा धंदा तुमच्या डोक्यात असेल तर धार लावण्याच्या आधी एक काम शिकावं लागतं. ते म्हणजे मुठीची पिन काढणं. पातं मुठीतून सुटल्याशिवाय आतला गंज निघत नाही. आणि गिऱ्हाइकाचं नुकसान होतं तेही जास्त करून इथेच.

सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा चालतो, तो आपला विषय नाही. आपण बोलतोय अख्ख्या पात्याच्या, मिटणाऱ्या वस्तऱ्याबद्दल. शेफील्ड किंवा झोलिंगेनचा छाप असलेला, चोर बाजारात मिळालेला किंवा आजोबांच्या ट्रंकेतून निघालेला.

आधी रचना समजून घ्या. मुठीच्या दोन पट्ट्या असतात. एका टोकाला पातं ज्यावर फिरतं ती पिन, दुसऱ्या टोकाला पट्ट्यांच्या मधली पाचर धरणारी पिन. काही वस्तऱ्यांना मधे तिसरी पिनही असते. पिन पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची, जाडी साधारण १.६ मिमी, म्हणजे एक इंचाचा सोळावा भाग. दोन्ही बाजूंनी ठोकून तिचं डोकं पसरवलेलं असतं. स्क्रू नाही, आटे नाहीत. त्यामुळे ती उघडत नाही, एका बाजूचं डोकं घालवावंच लागतं.

आता महत्त्वाचं. हत्यार हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा: मूठ ठेवायची आहे की बदलायची? बदलायची असेल तर काम पाच मिनिटांचं आहे, पट्टी कापा आणि पातं मोकळं करा. ठेवायची असेल तर तेच काम तासाभराचं होतं. दोन्हीचा दर एक ठेवलात तर तुम्ही धंदा करत नाही, समाजसेवा करताय.

मूठ कशाची आहे तेही बघा. शिंग जुनं झालं की ठिसूळ होतं. सेल्युलॉइड बोटाने जोरात चोळलं की कापरासारखा वास येतो. ते पटकन पेट घेतं, म्हणून त्याच्याजवळ गरम हत्यार नको. आणि एक गोष्ट बरेच जण सांगत नाहीत: सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारचं पातं गंजतं. मिटल्यावर मुठीत जाणाऱ्या भागावरच गंज दिसत असेल, तर ती मूठ वाचवण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, नाहीतर वर्षभरात तोच वस्तरा तक्रार घेऊन परत येईल. मूठ हस्तिदंताची वाटली तर विकायला घेऊच नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे.

चला, कामाला लागू. पात्याला आधी जाड टेप गुंडाळा. फक्त पातं काढायचं असेल तर फक्त फिरती पिन काढा. पाचरेच्या पिनेला हात लावू नका. हा माझा नियमच आहे, कारण जितक्या पिना काढाल तितक्या वेळा पट्टी तडकायची भीती. जुन्या वस्तऱ्यात पाचर शिशाची असू शकते, म्हणून ती उघडावीच लागली तर भुशावर फुंकर मारू नका आणि काम झाल्यावर हात धुवा.

पिनेखाली वॉशर असेल तर काम सोपं. मुठीवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा, डोक्यापुरतं भोक ठेवा, आणि बारीक कानशीने डोकं घासत जा. वॉशर सैल होऊन हलायला लागला की थांबा. वॉशर नसेल, जसं जुन्या शेफील्डच्या वस्तऱ्यांत बऱ्याचदा असतं, तर कानस मुठीला चरे पाडेल. तिथे डोक्याच्या बरोबर मधे सेंटर पंचने हलका ठसा घ्या आणि साधारण २ मिमीचा धारदार बिट हाताच्या छोट्या ड्रिलमध्ये लावून बोटांनी फिरवा. खोली फक्त डोक्याइतकी. डोकं कड्यासारखं सुटून बिटवर येतं.

मशीनचं ड्रिल का नको? पिन कडक, मूठ मऊ. बिट जरा घसरला की तो मऊ बाजूला पळतो आणि भोक लांबट होतं. मग नवी पिन कधीच घट्ट बसत नाही. शिवाय वेगामुळे उष्णता. मशीन वापरायचंच असेल तर उभं, स्टँडवरचं, सगळ्यात कमी वेगावर.

मग पिन बाहेर ढकलायची. लाकडाच्या ठोकळ्यात ३-४ मिमीचं भोक पाडा, उरलेलं डोकं त्या भोकात येईल अशी मूठ सपाट ठेवा. वॉशर असेल तर भोक त्याहून मोठं घ्या. पंच पिनेपेक्षा किंचित बारीक हवा, १.५ मिमी चालतो. हातोडी हलकी, ठोके छोटे. दोन-तीन ठोक्यांत पिन हलली नाही तर जोर वाढवू नका. ठोकताना ती आत फुगलेली असते. थोडं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी आणखी थोडं कोरून परत बघा. पट्टी आणि पात्याच्या मधे फट असेल तर सोनाराची बारीक करवत घालून पिन मधेच कापता येते, मग दोन तुकडे वेगवेगळे निघतात.

आता पैशाचं. समजा मूठ वाचवून पिन काढायचे तुम्ही ₹६०० घेतले. पट्टी तडकली तर शिंगाची नवी जोडी घडवण्यात तुमचा अख्खा दिवस जाणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार, "आजोबांचीच हवी होती." म्हणून पावतीवर आधीच लिहा: जुनी मूठ काढताना तडकू शकते, ती जबाबदारी गिऱ्हाइकाची. सही घ्या. आधीच्या चिरा दिसतील असे दोन्ही बाजूंचे फोटो त्याच्यासमोर काढून त्याला तिथेच व्हॉट्सॲप करा. निघालेले वॉशर आणि पिन छोट्या पिशवीत घालून नाव टाका. जुने वॉशर बाजारात तसेच मिळत नाहीत.

सरावासाठी वस्तरा विकत घेऊ नका. प्लास्टिकच्या फुटपट्टीचे दोन तुकडे, मधे हॅक्सॉच्या तुटलेल्या ब्लेडचं भोक असलेलं टोक, आणि १.६ मिमीची पितळी तार. प्लास्टिकला भोकं पाडा, तार घालून दोन्हीकडून ठोका आणि काढा. अशा दहा पिना फुटपट्टी न तडकता निघाल्या की पहिलं गिऱ्हाईक घ्या. नवी पिन कशी ठोकायची ते पुढच्या व्हिडिओत.