कामापुरतं लायसन

बाळा, परवा तू विचारलंस, "मामा, लायसन तीन महिने बंद झालं तर निदान कामापुरतं तरी काही मिळतं का?" तुझ्या कॅलिफोर्नियातल्या मित्राला मिळालं म्हणे, घर ते ऑफिस एवढंच चालवायचं असं. तिकडे आहे ती सोय. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यात त्या नावाचा कागद नाही. यवतला कुणी एजंट "काढून देतो" म्हणाला, तर त्याला चहा पाज आणि तिथून ऊठ. पण कायद्यात बारीकसारीक सोयी आहेत, त्या मागितल्याशिवाय कुणी देत नाही. त्याच सांगतो.

१. चौफुल्यावर पोलिसानं लायसन ठेवून घेतलं, तर हातापाया पडण्याआधी पावती माग — कलम २०६ प्रमाणे ती तात्पुरती पावती द्यावीच लागते. एरवी तिच्यावर घातलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते, पण बिनहेल्मेट, ट्रिपल सीट, बेफाम वेग, दारू अशा गुन्ह्यांत लायसन बंदीसाठी पुढे पाठवायला घेतलं असेल, तर २०१९च्या दुरुस्तीपासून ते परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. तेव्हा पावती खिशात, तरी किल्ली खुंटीला.

२. चालवायची मुभा देणारी पावती असेल, तर तिच्यावरची तारीख घरी आल्याआल्या कालनिर्णयावर लिही, मामीच्या दुधाच्या हिशेबाशेजारी — तारीख सरली की पावतीची रद्दी होते. तुझा दोष नसताना लायसन परत यायला वेळ लागत असेल तर मुदत वाढवून मागता येते, त्यासाठी तारीख उलटायची वाट बघू नकोस.

३. "तुम्ही सस्पेंड कसं करता?" म्हणून हवालदाराशी हुज्जत घालू नकोस — ते त्याच्या हातात नसतंच. तो लायसन पुढे पाठवतो आणि ठरवतं आरटीओ. आपल्या दौंड तालुक्याचं काम बारामतीच्या ऑफिसात चालतं, आणि तुझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्यांनाही आदेश काढता येत नाही.

४. लायसनवरचा पत्ता आणि मोबाईल नंबर आजच बघून घे — हडपसरची खोली सोडून तुला किती दिवस झाले? सुनावणीची नोटीस त्या खोलीवर गेली, तर घरमालक ती उघडणारही नाही.

५. आता कान इकडे कर, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. कलम १९ म्हणतं की अपात्र ठरवायचं ते लायसनवरच्या सगळ्या गाड्यांसाठी, किंवा त्यातल्या एखाद्या प्रकारापुरतंही. तू सापडलास मोटारसायकलवर, बिनहेल्मेटचा. पोट चालतं छोट्या हत्तीवर. तर सुनावणीला तोंडी रडगाणं गाऊ नकोस, लेखी दे: "माझा हा पहिलाच गुन्हा आहे. कारवाई करावयाची झाल्यास ती दुचाकी प्रवर्गापुरती मर्यादित ठेवावी. हलके वाहन हे माझ्या उपजीविकेचे साधन आहे." सोबत ज्या कंपनीचा माल वाहतोस तिचं पत्र, टेम्पोचं आरसी, हप्त्याचं बँकेचं पान आणि दंड भरल्याच्या पावत्या जोड — साहेबाला कारणं लेखी नोंदवावी लागतात, ती तूच त्याच्यापुढे ठेवलीस तर त्याचंही काम हलकं होतं. मान्य करायचं की नाही, ही त्याची मर्जी. पण अर्जच नसला तर तो मान्य तरी काय करणार? आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय ऑफिसची पायरी उतरू नकोस.

६. सुनावणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घाल आणि वेळेच्या आधी पोच — ज्याची तारीख हुकली, त्याची बाजू मुकी.

७. दारूचं प्रकरण असेल तर माझं काही ऐकू नकोस, सरळ वकील गाठ — १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की ते कोर्टात जातं, आणि दोषी ठरलास तर कोर्टाला किमान सहा महिने लायसन बंद करावंच लागतं.

८. पहिल्या खेपेचे तीन महिने हसण्यावारी नेऊ नकोस — दुसऱ्या खेपेला लायसनच रद्द होऊ शकतं, आणि तसं झालं तर तुझं नाव चारचौघांत जाहीर करायचीही कायद्यात मुभा आहे. गावात नाव झळकावं ते जत्रेच्या वर्गणीच्या फळ्यावर.

९. आदेश हातात पडला की पाठीमागे त्या दिवसाची तारीख टाक — तिथून ३० दिवसांत अपील करता येतं. आदेश अन्यायाचा वाटत असेल तर पहिले वीस दिवस पारावर बसून शिव्या देण्यात घालवू नकोस.

१०. बंदीच्या काळात "एवढं यवतपर्यंतच जाऊन येतो" नको — कलम १८२ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. त्यात कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी भरपाईसाठी तुझ्याकडे बोट दाखवते, ते वेगळंच. ट्रॅक्टरलाही हेच लागू. ऊस घेऊन डांबरीवर आला की तोही मोटार वाहनच, "शेतीचा आहे" ही सबब चालत नाही. काही शहाणे तर बंद लायसनच्या चौकशीला बारामतीला मोटारसायकलवर जातात आणि फाटकासमोरच लावतात!

११. टेम्पो चुलतभावाच्या हाती देणार असशील, तर त्याचं लायसन आधी स्वतः हातात घेऊन वाच, प्रकार आणि मुदत दोन्ही — नात्यातला असला तरी लायसन नसलेल्याला गाडी दिली म्हणून मालकावर कलम १८० लागतं, पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. हेच उलटंही आहे: बंदीत असताना तू वडिलांची गाडी काढलीस तर गोत्यात ते येतील.

१२. तुझ्या फेऱ्यांसाठी एसटी आहे, केडगावहून पुणे-दौंड गाडी आहे. विजेची सायकल घ्यायची तर मोटर २५० वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला असल्याचं प्रमाणपत्र बघूनच घे — तेवढीलाच लायसन लागत नाही, आणि दुकानदाराला सगळ्याच तेवढ्या वाटतात.

१३. उजळणी प्रशिक्षण पहिल्याच महिन्यात उरकून टाक — २०१९च्या दुरुस्तीपासून ते पूर्ण केल्याशिवाय मुदत संपली तरी लायसन परत मिळत नाही. जो तो शेवटच्या आठवड्यात धावतो आणि तीन महिन्यांचे चार करून घेतो.

१४. हे सगळं ज्यामुळे घडतं ती यादी लांबलचक नाही — बिनहेल्मेट आणि ट्रिपल सीट, प्रत्येकी हजार रुपये आणि वर तीन महिने. २०१९च्या दुरुस्तीआधी, २०१५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं राज्यांना सांगून ठेवलंय की बेफाम वेग, तोडलेला सिग्नल, कानाला मोबाईल, दारू, जादा माल आणि मालाच्या गाडीत माणसं, यांना किमान तीन महिने घरी बसवा. शेवटचं तुझ्यासाठी आहे. लग्नसराई आली की वऱ्हाड टेम्पोत भरायला तुलाच फोन येतो. तेव्हा गाडी गॅरेजला आहे म्हण.

१५. लायसन हातात परत आलं तरी लगेच किक मारू नकोस, आधी सारथी पोर्टलवर नंबर घालून स्थिती बघ — टेबलावर सुटलेलं लायसन संगणकात अजून अडकलेलं असू शकतं, आणि नाक्यावरचं यंत्र संगणकाचंच ऐकतं. तिथं चालू दिसलं की मग मामीला बाजाराला घेऊन जा. मागच्या सीटलाही हेल्मेट लागतं. अंबाडा बसत नाही म्हणून ती केडगावपर्यंत कुरकुर करेल, ती ऐकून घे.