आयातीच्या आकड्यात न दिसणारा बांबू

चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्याला भारत लाकूड आयात करतो हे आधी पटतच नाही. बल्लारशाचा सागवान डेपो, आलापल्लीचं जंगल, बांबूचे ट्रक, हे आपलं रोजचं. तरी आपला देश ओंडके, लगदा, कागद सगळं बाहेरून आणतो. चीन तर कितीतरी जास्त. या दोघांची तुलना करायची कशी, ते बघू.

आधी हिशोब. आयातीची किंमत म्हणजे माल + विमा + जहाजभाडं, म्हणजे सीआयएफ. निर्यातीची धरतात ती माल बोटीवर चढेपर्यंतची, एफओबी. समजा, न्यूझीलंडहून 100 डॉलरचे पाइनचे ओंडके निघाले आणि भाडं-विमा 30 झाला, तर कांडल्याला नोंद 130 ची. दोन देशांचे आकडे जुळत नाहीत ते बऱ्याचदा यामुळे, लगेच चोरीचा संशय नको! भारत आणि चीन दोघंही आयात सीआयएफनेच मांडतात, तेवढं बरं. पण आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. म्हणून महिन्यांचे आकडे घेऊन वर्ष जुळवावं. शिवाय रुपया घसरला, भाडं वाढलं तरी रक्कम फुगते, म्हणून शेजारी घनमीटरचा रकाना हवाच.

कारणंही बघावीत. 1998 च्या यांगत्सेच्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलातली तोड आवरली. आपल्याकडे 1988 चं वन धोरण आणि 12 डिसेंबर 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. जंगल राखलं, लाकडाची भूक तशीच राहिली. फरक एवढा की चीनमध्ये आलेलं बरंच लाकूड फर्निचर, प्लायवूड होऊन परत बाहेर जातं.

आता खरी गोम. वनउपज म्हणून आपण जकातीच्या यादीतली प्रकरणं 44 (लाकूड), 47 (लगदा), 48 (कागद) बेरजेला घेतो. कच्चा बांबू असतो प्रकरण 14 मध्ये आणि अगरबत्ती 33 मध्ये, अत्तर-सौंदर्यप्रसाधनांच्या शेजारी! म्हणजे ती आपल्या बेरजेत येतच नाही. खादी आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे 2011 मध्ये आयातशुल्क 30 वरून 10 टक्क्यांवर आलं आणि कच्च्या अगरबत्तीची आयात 2009 च्या 31 कोटींवरून 2019 मध्ये 546 कोटींवर गेली. माल मुख्यतः व्हिएतनाम आणि चीनचा. योगायोग बघा, त्याच 2011 च्या एप्रिलमध्ये मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचा हक्क मिळाला. हक्क आला तेव्हाच बाजारात स्वस्त माल शिरला. गडचिरोलीत वन विभागाच्या प्रकल्पात अगरबत्ती वळणाऱ्या बायकांची मजुरीही याच भावाशी बांधलेली.

ऑगस्ट 2019 मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले, जून 2020 मध्ये बांबूवरचं शुल्क 25 टक्के झालं. माझ्या मते नुसत्या शुल्काने भागणार नाही. काडीसाठी बांबूचा थोडाच भाग लागतो, बाकीचा भुसा आणि तुकडे. त्याचा कोळसा किंवा विटा होऊन विकल्या गेल्या तरच काडी परवडते. मेकॅनिकलवाल्यांनो, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधत असाल तर चिचपल्लीचं बांबू केंद्र चंद्रपूरहून जवळच आहे.